अजून थोडा आ करा

मराठीत जबड्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. दातांविषयी बोलतो, जिभेविषयी तर फारच बोलतो, पण जबडा म्हटलं की सिंहाचा किंवा मगरीचा. आपल्यालाही तो आहे, हे तो बिघडेपर्यंत लक्षात येत नाही. दातखीळ बसणे आणि आ वासून बघणे हे दोन्ही वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. पहिला भीतीसाठी, दुसरा आश्चर्यासाठी. या दोन्ही गोष्टी ज्या सांध्यामुळे जमतात तो नेमका कुठे आहे, असं मला तीन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी गालाच्या खाली कुठेतरी बोट दाखवलं असतं.

तो कानाच्या अगदी पुढे असतो. वाचता वाचताच दोन्ही कानांच्या पुढे एकेक बोट ठेवा आणि हळूच तोंड उघडा. बोटाखाली जे सरकतं ते खालच्या जबड्याचं टोक. हाड एकच, पण सांधे दोन, डावा आणि उजवा, आणि दोघांना कायम एकत्रच हलावं लागतं. संयुक्त कुटुंबच म्हणा. गुडघा किंवा कोपर बिजागरीसारखं हलतं. जबडा आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग पुढे घसरतो. या घसरण्यासाठी हाडाच्या टोकावर एक छोटीशी लवचीक चकती बसवलेली असते, टोपीसारखी. ती हाडाबरोबर पुढे-मागे जाते. काही जणांची ही टोपी पुढे सटकते. मग तोंड उघडताना हाड तिच्याखाली परत शिरतं आणि कानात "टक्" असा आवाज येतो. माझ्या उजव्या बाजूला हा आवाज दहा-बारा वर्षं येत होता. दुखत नव्हतं. डेंटिस्टनं सांगितलं होतं की दुखत नसेल तर आवाजाकडे लक्ष देऊ नका, पुष्कळांचा येतो. ते खरंच आहे. ज्यांना कसलाही त्रास नाही अशा कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये सरकलेली चकती दिसते.

जानेवारी २०२४ मध्ये एका सकाळी आवाज यायचा थांबला. मला बरंच वाटलं. दात घासायला गेले तेव्हा कळलं की आवाजाबरोबर तोंड उघडायचंही थांबलं आहे. टोपी पुढे अडकली होती आणि हाड तिच्यामागे येऊन तटत होतं. याला डॉक्टरी भाषेत क्लोज्ड लॉक म्हणतात. निरोगी माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात, म्हणजे साधारण चाळीस मिलिमीटर. माझी दीड बोटं जात होती. मोजलं तेव्हा २४ भरलं.

त्याच आठवड्यात संक्रांत. आमच्याकडे हळदीकुंकवाला पंचवीस-तीस बायका आल्या होत्या आणि मी दारात उभी राहून दात आवळून सगळ्यांना गोड बोलायला सांगत होते. तिळाचे लाडू मी सुरीनं कापून खाल्ले. पाणीपुरी तर विसराच. झिंगरमन्सच्या सँडविचचं आपल्या गावाला केवढं कौतुक, पण मिलिमीटरमध्ये विचार करायला लागलं की ते सँडविच म्हणजे एक अशक्य कोटीतली वस्तू वाटते. या सगळ्याचं काही नाही. माणूस खिचडी खाऊन राहतो. फॉलपर्यंत बरं वाटेल, एवढं काय, असं मी स्वतःला सांगितलं असतं. अडचण वेगळीच झाली.

माझी आई अकोल्याला असते. वय तेव्हा चौऱ्याऐंशी. ऐकू फार कमी येतं. कानातलं यंत्र आहे, ते कपाटात, चांगल्या साडीसारखं जपून ठेवलेलं. गेली काही वर्षं ती आमचे ओठ वाचते. हे तिला कुणी शिकवलेलं नाही आणि आपण ओठ वाचतो हे ती कबूलही करत नाही. दर रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, माझा चुलतभाऊ विनू तिच्यासमोर फोन धरतो आणि आम्ही अर्धा तास बोलतो. मी प्रत्येक शब्द तोंड भरून म्हणायचा, ही सवयच झाली होती. आता ओठ हलत होते, पण जबडा जागचा हलत नव्हता. तिला काही केल्या कळेना. दोन रविवार तिनं नुसतं बघितलं आणि तिसऱ्या रविवारी म्हणाली, "चिडून राहिली का तू माह्यावर?"

विनूनं तिला समजावलं, कागदावर लिहून दाखवलं. तिनं मान हलवली. पण बंद जबड्यानं बोलणाऱ्या माणसाचा चेहरा रागावलेलाच दिसतो, त्याला कागद काय करणार? पुढच्या रविवारी ती फोनवर फार वेळ थांबली नाही.

तेव्हा मी या दुखण्याचा नीट अभ्यास करायचं ठरवलं. आणि गंमत अशी की त्यासाठी ॲन आर्बरपेक्षा चांगलं गाव क्वचितच सापडेल. युनिव्हर्सिटीचं डेंटल स्कूल १८७५ सालचं. सरकारी विद्यापीठाचा भाग म्हणून निघालेलं ते पहिलं. त्याच इमारतीत दंतवैद्यकाचं एक संग्रहालय आहे, सिंडेक्यूज म्युझियम. पाहुणे आले की आपण त्यांना स्टेडियम आणि आर्बोरेटम दाखवतो. हेही दाखवायला हरकत नाही, विशेषतः जे फार बोलतात त्यांना. या शाळेतले सिगर्ड रॅमफ्योर्ड आणि मेजर ॲश (मेजर हे नाव, हुद्दा नव्हे) यांनी १९६६ मध्ये दातांच्या चावण्यावर एक ग्रंथ लिहिला आणि जबड्याच्या रुग्णांना रात्री दातांवर घालायची ॲक्रिलिकची कडक, सपाट पट्टी प्रचारात आणली. तिला जगभर 'मिशिगन स्प्लिंट' म्हणतात. मला पहिल्याच भेटीत तीच मिळाली. आपल्या गावच्या नावाची वस्तू तोंडात घालून झोपण्यात एक प्रकारचा अभिमान असतो, तो पहिले दोन दिवस टिकतो.

दुखणं जुनंच आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांच्या उपचारांत जबडाही येतो: तो जागेवर आणा, शेका आणि पट्टीनं बांधा. निखळलेल्या जबड्याला आजही साधारण हेच करतात. अडकलेल्या जबड्याची गोष्ट वेगळी. अमेरिकेत या प्रकरणाला तोंड फुटलं १९३४ साली. सेंट लुईसचे कान-नाक-घशाचे डॉक्टर जेम्स कॉस्टेन यांनी कानदुखी आणि जबडा यांचा संबंध जोडला. त्यांचं म्हणणं पुढे बरंचसं चुकीचं ठरलं, पण दातांच्या डॉक्टरांचं लक्ष या सांध्याकडे गेलं ते तेव्हापासून. आणि कानाच्या डॉक्टरांचं तेव्हापासूनच उडालं असावं, असं मला वाटतं. कारण आज हा सांधा कुणाचाच नाही. माझ्या डेंटल इन्शुरन्सनं सांगितलं, हा सांधा आहे, मेडिकलला विचारा. मेडिकलनं सांगितलं, हे दातांचं आहे. एके दिवशी मी दोन तास चाळीस मिनिटं फोनवर होते, आणि तेही दातखीळ बसलेल्या अवस्थेत. पलीकडची मुलगी तीनदा म्हणाली की मॅम, जरा स्पष्ट बोला. २०२० साली इथल्या नॅशनल अकॅडमीजनं जबड्याच्या विकारांवर एक जाडजूड अहवाल काढला. त्यात वैद्यक आणि दंतवैद्यक यांच्यामधल्या या दरीवर स्पष्ट बोट ठेवलं आहे. तो मी वाचून काढला. दरी आहे तिथेच आहे, पण आपण एकटेच तिच्यात पडलेलो नाही एवढं कळलं.

फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिनं हातमोजे घालून आतून-बाहेरून गालाचे स्नायू मळले, मान आणि खांद्याचे व्यायाम दिले, आणि डॉक्टर जीभ दाबायला वापरतात तसल्या लाकडी पट्ट्यांचं एक पाकीट दिलं. पुढच्या दातांमध्ये जितक्या मावतील तितक्या पट्ट्या एकावर एक ठेवायच्या, अर्धा मिनिट थांबायचं, जमली तर अजून एक सरकवायची. दिवसातून पाच-सहा वेळा. माझी सुरुवात पंधरा पट्ट्यांनी झाली.

त्या रविवारी हे मी विनूला दाखवलं. तो फोन धरून हसायला लागला, आणि हसताना त्यानं तोंडावर हात धरला. मग म्हणाला, "ताई, माझ्याकडे आइस्क्रीमच्या काड्या आहेत. माझ्या अकरा जातात."

मला हे माहीत नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं.

विनू वीस वर्षं खर्रा खात होता. विदर्भातल्या मंडळींना खर्रा सांगायला नको. इतरांसाठी, सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेला. २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण ज्याला खायचं आहे त्याला पानठेला सापडतोच. सुपारीनं गालाचं आतलं अस्तर हळूहळू कडक होतं. कातड्यासारखे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडणं कमी कमी होत जातं. तिखट लागतं, मग गरमही सहन होत नाही. या रोगाचं वर्णन पहिल्यांदा १९५२ मध्ये आलं ते पूर्व आफ्रिकेतल्या भारतीय बायकांवरून, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं. म्हणजे नाव ठेवणाराही आपलाच आणि दुखणंही आपलंच. यात सांधा ठणठणीत असतो. दाराची बिजागरी चांगली, पण चौकटच आवळलेली. पुढे काहींना त्यातूनच कॅन्सर होतो. विनूला हे त्याच्या डेंटल कॉलेजमध्ये सांगितलं होतं आणि त्यानं ते आतापर्यंत स्वतःपाशी ठेवलं होतं.

त्याच्यावर इंजेक्शनंच चालू होती. दर आठवड्याला गालाच्या आतून, दोन्ही बाजूंना, स्टेरॉइड आणि त्याच्याबरोबर हायल्युरोनिडेज नावाचं एक विकर. नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल. ते गालातल्या पेशींमधला घट्ट रांधा पातळ करतं, म्हणजे औषध आत पसरतं. दुखतं का विचारलं तर म्हणाला, सुई कळत नाही, गाल इतका कडक आहे की औषध आत जाताना कळतं. खर्रा त्यानं सोडला होता, तीन महिने झाले होते. इंजेक्शनं आणि काड्या हे त्यानंतरचं. खर्रा चालू ठेवून घेतली तर ती सुई पाण्यात मारल्यासारखी आहे, असं तिथल्या मॅडमनी त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

तेव्हापासून आमचा एक नवीन शिरस्ता पडला. रोज रात्री तो काड्यांचा आकडा पाठवायचा आणि रोज सकाळी मी पट्ट्यांचा. त्याची काडी आणि माझी पट्टी यांची जाडी सारखी नाही, त्यामुळे शर्यत लावता येत नव्हती. आकडे फक्त यायचे आणि जायचे.

एप्रिलपर्यंत मी २९ मिलिमीटरवर आले आणि तिथेच थांबले. डेंटिस्टनं मला ओरल सर्जनकडे पाठवलं. पन्नाशीच्या, शांत बाई. त्यांनी "अजून थोडा आ करा" असं इंग्रजीतून सांगून पट्टीनं मोजलं, एमआरआय पाहिला आणि मग जबड्यात सुईनं काय काय घालता येतं ते सांगितलं. यादी लांबलचक होती. सांध्यात स्टेरॉइड, सांध्यात हायल्युरॉनिक ॲसिड, सांध्यात स्वतःच्याच रक्तातून वेगळा काढलेला प्लेटलेट्सचा भाग, सैल सांध्याला साखरेचं पाणी, आणि स्नायूंमध्ये बोटॉक्स. बोटॉक्सचं मी आधीच ऐकलं होतं. आमच्या भिशीतल्या एकीनं सुचवलं होतं की जबडाही सुटेल आणि चेहराही निमुळता दिसेल, एका दगडात दोन पक्षी. सर्जनबाईंनी एका वाक्यात निकाल लावला. बोटॉक्स चावण्याचा स्नायू ढिला करतं; तुमचा अडथळा स्नायूत नाही, सांध्यात आहे. शिवाय जबड्याच्या दुखण्यासाठी त्याला एफडीएची मंजुरी नाही, आणि स्नायू वारंवार असा लुळा केला तर खालच्या हाडावर परिणाम होतो की काय अशी शंका प्राण्यांवरच्या प्रयोगांनी निर्माण केली आहे. स्टेरॉइडबद्दलही त्या हात राखून बोलल्या. एखाद्या वेळी ठीक, पण पुन्हा पुन्हा दिलं तर सांध्याचंच नुकसान होतं.

त्यांनी सुचवलं ते आर्थ्रोसेंटेसिस, म्हणजे साध्या भाषेत सांधा धुणे. ही पद्धत १९९१ मध्ये जेरुसलेमच्या डॉरिट नित्झन आणि फ्लोरिडाच्या फ्रँकलिन डॉलविक यांनी एका सहकाऱ्याबरोबर मांडली. सांध्याच्या वरच्या पोकळीत दोन सुया घालायच्या, एकीतून सलाइनसारखं पाणी आत, दुसरीतून बाहेर. दाबानं चिकटलेली चकती सुटते आणि दाह निर्माण करणारी रसायनं धुऊन जातात.

१९९१ हे साल मला महत्त्वाचं वाटलं, कारण त्याच सुमाराला अमेरिकेत या सांध्याच्या बाबतीत एक भयंकर प्रकार उघडकीला आला होता. त्याआधी सरकलेल्या चकतीवर ऑपरेशन करून ती काढून टाकायची मोठी टूम होती आणि तिच्या जागी टेफ्लॉनचा कृत्रिम तुकडा बसवत. ह्यूस्टनच्या व्हिटेक कंपनीचे असे तुकडे हजारो लोकांना, त्यात बहुतेक बायकांना, बसवले गेले. चावण्याच्या जोरानं ते झिजले, त्यांचे कण आजूबाजूला पसरले आणि शरीरानं त्यांच्याशी झगडताना हाडच खाऊन टाकलं. काहींचं तर कवटीपर्यंत. १९९० मध्ये एफडीएनं इशारा दिला, १९९१ मध्ये ते परत मागवले. कंपनी तोवर दिवाळखोरीत गेली होती. मिलवॉकीच्या टेरी काउली यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली रुग्णांची संघटना या बायकांच्या बाजूनं उभी राहिली. मला वाटतं, या सांध्याच्या डॉक्टरांचे हात आज एवढे जपून चालतात ते त्या बायकांमुळे. करवतीवरून सुईवर येण्याचं एक कारण शास्त्र असेल, पण दुसरं कारण चटका आहे.

मी घरी येऊन वाचत बसले. आणि वाचल्यावर गोंधळ वाढला. डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे माझा जबडा अडकायच्या जेमतेम महिनाभर आधी, 'बीएमजे' या ब्रिटिश नियतकालिकात जबड्याच्या जुनाट दुखण्यावर मार्गदर्शक शिफारशी आल्या. जोरदार शिफारस कशाची? मार्गदर्शनाखाली जबड्याचे व्यायाम, स्नायूंचं मालिश, मानेची ठेवण, मनाला दुखण्याशी वागायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत, आणि धीर देणं. आणि "शक्यतो करू नका" या यादीत? सांधा धुणे, हायल्युरॉनिक ॲसिड, बोटॉक्स. आणि आमच्या गावची स्प्लिंटसुद्धा. फायदा खात्रीचा नाही, आणि खर्च व त्रास मात्र नक्की, असा एकंदर सूर. त्याच्या आधी २००७ मध्ये मिनेसोटाच्या संशोधकांनी नेमक्या माझ्याच दुखण्याच्या, क्लोज्ड लॉकच्या, १०६ रुग्णांचे चार गट करून पाहिले होते. एका गटाला औषधं आणि सल्ला, दुसऱ्याला स्प्लिंट-व्यायाम वगैरे, तिसऱ्याला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, चौथ्याला मोठं ऑपरेशन. पाच वर्षं पाठपुरावा केला. चारही गट सुधारले, आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

हे कागद घेऊन मी पुन्हा सर्जनबाईंकडे गेले. नवरा म्हणाला, डॉक्टरांना असं कागद दाखवून विचारलं तर रागावतील. त्या मुळीच रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही नुसत्या जुनाट वेदनेसाठी आला असतात तर मी सुई सुचवली नसती. तुमची तक्रार दुखण्याची कमी, न उघडण्याची जास्त आहे, आणि अडकून चारच महिने झालेत. पण मिनेसोटाचं खरं आहे. व्यायाम करत थांबलात तर बहुधा तुम्ही त्याच ठिकाणी पोचाल. किती दिवसांत, ते मी सांगू शकत नाही. घाई नसेल तर थांबा.

पाच वर्षांनी सगळे गट सारखे, हे वाचताना मला फार बरं वाटलं होतं. पण आई चौऱ्याऐंशीची होती. मी मे महिन्यातली तारीख घेतली.

आता थोडं त्या ॲसिडबद्दल. धुऊन झाल्यावर सांध्यात वंगण म्हणून मिलिलिटरभर हायल्युरॉनिक ॲसिड सोडायचं ठरलं होतं. ॲसिड म्हटल्यावर दचकायला होतं, पण ते आपल्याच सांध्यांत, डोळ्यांत, कातडीत असतं, मधासारखं दाट. योगायोग असा की तेही १९३४ सालचंच. त्या वर्षी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गाईगुरांच्या डोळ्यांतून वेगळं काढलं. पुढे एंड्रे बालाझ या हंगेरियन संशोधकानं ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायची युक्ती काढली. १९९७ मध्ये एफडीएनं गुडघ्यासाठी अशा इंजेक्शनांना मंजुरी दिली. आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांनी ती घेतली असतील. जबड्यासाठी अशी मंजुरी नाही, डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर वापरतात आणि इन्शुरन्स हात वर करतो. कोंबड्याचं कळल्यावर मी विचारलं, माझं कशातलं? बाई म्हणाल्या, जिवाणूंपासून बनवलेलं. आईला शाकाहारी म्हणून सांगता आलं.

आणि विनूच्या गालात जातं ते हायल्युरोनिडेज? ते नेमकं याच पदार्थाचे तुकडे करणारं विकर. त्याच्या तोंडात जे विरघळवायचं तेच माझ्या तोंडात भरायचं. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे ताई, तुझं उरलं की मला नको पाठवू."

प्रत्यक्ष प्रकार अर्ध्या तासाचा. खुर्चीत आडवं करून कानाच्या पुढे शाईनं रेघ काढली, कानापासून डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिच्यावरून मोजून दोन ठिपके. आधी बधिर करायची सुई. मग पहिली मोठी सुई आत, मग दुसरी. दुखलं नाही, पण ऐकू आलं. सांधा कानाला लागूनच असल्यामुळे पाणी आत गेलं की विहिरीत बादली सोडल्यासारखा आवाज डोक्यात घुमतो. शंभर मिलिलिटरच्या वर पाणी गेलं आणि आलं. मध्येच बाईंनी दोन्ही अंगठे माझ्या दाढांवर ठेवून जबडा खाली आणि पुढे ओढला. आत काहीतरी सुटलं, चिकटलेलं झाकण उघडावं तसं. शेवटी ते मधासारखं औषध, आणि चिकटपट्टी. तिथेच मोजलं: ३७.

गाल पावासारखा फुगला होता आणि उजवा डोळा मिटेना. बधिर करायचं औषध चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोचलं की असं होतं, काही तासांत उतरतं, हे त्यांनी आधी सांगितलं होतं. घरी येईपर्यंत मी एक डोळा हातानं मिटत होते. त्यानंतर खरं काम सुरू झालं. ताबडतोब व्यायाम. सुजलेल्या तोंडात पट्ट्या घालायच्या. फिजिओथेरपिस्टचं म्हणणं असं की सुईनं दार उघडतं, पण उघडं ठेवायचं काम तुमचं.

तो रविवार चार दिवसांनी आला. मी मुद्दाम काही विशेष बोलले नाही. आमरसाचं विचारलं, शेजारच्यांच्या मुलीच्या लग्नाचं विचारलं. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. मग विनूला म्हणाली, "इचा गाल कायले सुजला?" आणि मला म्हणाली, एवढ्या मोठ्यानं नको बोलू, ऐकू येतं मला.

आता मला हे इंजेक्शननं बरं झालं का? हे विचारणारे मला मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात भेटतात. मी सांगते, तोंड उघडलं हे खरं. पण चकती? नंतरच्या एमआरआयमध्ये ती पुढेच दिसते आहे, तिथल्या तिथे. असं पुष्कळदा होतं म्हणे. तोंड उघडतं, दुखणं जातं आणि चकती मात्र परत येत नाही. मग काय कामाला आलं, पाणी, मध, अंगठे, पट्ट्या, चार महिन्यांचा काळ, की विश्वास?

विश्वासाचं मी उगीच म्हणत नाही. त्याचाही प्रयोग याच गावात झाला आहे, आणि तोही जबड्यावरच. युनिव्हर्सिटीतल्या जॉन-कार झुबिएटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या चावण्याच्या स्नायूत तीव्र मिठाचं पाणी सोडून मुद्दाम जबडा दुखवला आणि त्याच वेळी मेंदूचं पेट स्कॅन काढलं. ख्रिश्चन स्टोहलर हे तेव्हा इथल्या डेंटल स्कूलमध्ये होते, तेही यात होते. २००१ मध्ये त्यांनी दाखवलं की अशा वेळी मेंदू स्वतःचीच अफूसारखी वेदनाशामकं सोडतो. मग २००५ मध्ये १४ तरुणांवर पुढचा प्रयोग जाहीर झाला. त्यांना सांगितलं, आता वेदना कमी करणारं औषध देतो आहोत, आणि दिलं नुसतं सलाइन. मेंदूतली ती यंत्रणा आणखी जोरानं कामाला लागली. म्हणजे "मनाचे खेळ" म्हणून आपण जे उडवून लावतो त्याचा फोटो निघाला. पण विश्वासानं वेदना कमी होईल, आठ मिलिमीटर कसे वाढतील? माझा अंदाज, पाणी आणि अंगठ्यांनी दार उघडलं आणि बाकीचं इतरांनी वाटून घेतलं. ज्यांचा जबडा नुसता दुखतो त्यांना मी आधी व्यायामाचं सांगते, सुईचं नाही. तोंडात स्प्लिंट मी अजून घालते, शिफारस असो वा नसो. दात खायची सवय तिच्यामुळे गेलेली नाही, पण दात तरी वाचतात.

वर्षभरानं सर्जनबाईंनी पुन्हा मोजलं: ३८. पुन्हा धुवायची गरज नाही म्हणाल्या. पट्ट्या चोवीसवर स्थिर आहेत.

विनूच्या काड्या अकरावरून सोळावर गेल्या आणि इंजेक्शनांचा क्रम संपल्यावर चौदावर आल्या. गाल आतून पूर्वीसारखा होणार नाही, हे त्याला सांगितलेलं आहे. पोळी आता तो तुकडे करून खातो, वरणात भिजवून नाही. त्याच्या डाव्या गालावर एक पांढरा चट्टा आहे, त्याच्यावर ते लक्ष ठेवून आहेत. एकदा तुकडा काढून तपासला तेव्हा काही निघालं नाही. पुढची तपासणी डिसेंबरात आहे. मी तिकीट त्या हिशेबानंच काढलं आहे. तो म्हणतो यायची गरज नाही, आणि रविवारी फोन धरतो तेव्हा कॅमेरा आईवरच राहील याची काळजी घेतो.